रॉड्रिग्ज म्हणजे कीर्तिराज

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुम्हाला एका आडनावाची गोष्ट सांगणार आहे. आडनाव तुमच्या ओळखीचे आहे. वसईच्या एसटीत, मुंबईच्या कार्यालयात, क्रिकेटच्या मैदानावर ते तुम्ही शंभर वेळा ऐकले असेल. आडनाव आहे रॉड्रिग्ज.

मी आयुष्यभर डहाणूला शाळेत इतिहास शिकवला. आमच्या शाळेत गणिताला एक शिक्षक होते, वसईजवळच्या एका गावचे. रोज सकाळी तिकडून यायचे. त्या काळी चर्चगेटची लोकल विरारलाच संपायची, ती डहाणूपर्यंत आली २०१३ साली. त्यामुळे सरांचा सारा प्रवास शटलने. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर आपले नाव लिहिले आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तुम्ही गोव्याचे का?" सर म्हणाले, "नाही रे, मी वसईचा." "मग मराठी कसं बोलता?" सर हसले आणि म्हणाले, "आईनं शिकवलं, तुझ्या आईनं तुला शिकवलं तसंच."

मुलांचे ठीक आहे. पण पुढे एकदा शटलमध्ये जागेवरून दोघांची बाचाबाची झाली. सर सोडवायला गेले. त्यांतल्या एकाने सरांचे नाव ऐकले होते. तो म्हणाला, "तुम्ही बाहेरचे, तुम्ही मध्ये बोलू नका." मी शेजारीच होतो. सर काही बोलले नाहीत. पालघर आले, बोईसर आले, तरी बोलले नाहीत. डहाणूला उतरताना मला म्हणाले, "तुम्ही इतिहासाचे ना? मग सांगा, हे आडनाव कुठून आलं?"

तेव्हा मला एवढेच ठाऊक होते की पोर्तुगीजांकडून आले. पण पोर्तुगीजांकडे ते कुठून आले? मी शोधू लागलो आणि माग काढत काढत थेट दीड हजार वर्षे मागे गेलो.

आता गंमत पाहा. रॉड्रिग्ज हे आडनाव मुळात पोर्तुगीज नाहीच. ते जर्मनिक आहे. जर्मनिक म्हणजे आजच्या जर्मनीपुरते नव्हे. जर्मन, इंग्रज, डच, स्वीडिश या साऱ्यांच्या भाषा ज्या एका जुन्या भाषाकुळातून निघाल्या, त्या कुळाचे हे नाव. या कुळात गॉथ नावाचे लढवय्ये लोक होते. रोमन साम्राज्य खिळखिळे झाले तेव्हा त्यांनी रोमच्या हद्दीत शिरकाव केला. इसवी सन ४१० मध्ये अलारिक नावाच्या त्यांच्या राजाने प्रत्यक्ष रोम शहर लुटले. त्यांचीच एक शाखा, व्हिसिगॉथ, पुढे स्पेनमध्ये उतरली आणि तोलेदोला राजधानी करून राज्य करू लागली. आजच्या उत्तर पोर्तुगालच्या भागात सुएबी नावाची दुसरी जर्मनिक टोळी अगोदरच येऊन बसली होती. ५८५ मध्ये तेही राज्य व्हिसिगॉथांनी गिळले.

या गॉथ मंडळींचे नाव ठेवण्याचे तंत्र आपल्यासारखेच होते. आपण दोन शब्द जोडून विजयसिंह, यशवंतराव, कीर्तिराज अशी नावे करतो. तेही दोन शब्द जोडत. एक शब्द होता 'ह्रोथ', म्हणजे कीर्ती. दुसरा 'रिक', म्हणजे सत्ताधीश, राजा. दोन्ही मिळून 'ह्रोथरिक'. जिभेवर घासत घासत त्याचे झाले रोदेरिक आणि पुढे रोद्रिगो.

पण खरी गंमत पुढे आहे. 'रिक' या शब्दाचे नातेवाईक शोधा. लॅटिनमध्ये राजाला 'रेक्स' म्हणतात, जुन्या केल्टिक भाषेत 'रिक्स', आणि संस्कृतात 'राजन्'. हे सारे एकाच मुळाचे शब्द. आता 'ह्रोथ' घ्या. जर्मनिक भाषांत एक ठरलेला बदल झालेला आहे. इतर बहिणींमध्ये जिथे 'क' असतो, तिथे यांच्याकडे 'ह' येतो. शिंगाला लॅटिनमध्ये 'कोर्नू' म्हणतात आणि इंग्रजीत 'हॉर्न'. गाडीचा हॉर्न मुळात शिंगच बरे का! या नियमाने 'ह्रोथ'चा 'ह' मागे नेला की 'क' येतो, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते स्तुतीच्या, गुणगानाच्या एका जुन्या धातूशी लावतात. त्याच धातूपासून संस्कृतातला आपला शब्द आला, 'कीर्ती'.

म्हणजे रोद्रिगो या नावाचे शब्दाला शब्द ठेवून मराठी केले तर काय होईल? कीर्तिराज! आणि हे नुसते भाषांतर नाही. दोन्ही शब्दांचे दोन्ही तुकडे एकाच घरातले, हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले भाऊ आहेत.

'ह्रोथ'चे इतर वंशजही तुमच्या ओळखीचे आहेत. रॉबर्ट म्हणजे कीर्तीने झळकणारा. रॉजर म्हणजे कीर्ती आणि भाला. रुडॉल्फ म्हणजे कीर्ती आणि लांडगा. रशियाच्या पहिल्या राजघराण्याचा मूळ पुरुष मानला जाणारा रूरिक, तोही नावाने आपला रोद्रिगोच. उत्तरेकडच्या समुद्रातून गेलेला, इतकेच.

स्पेनचा शेवटचा व्हिसिगॉथ राजा नेमका रोद्रिगो नावाचाच होता. ७११ मध्ये तारिक नावाचा सेनापती आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आला. ज्या डोंगराशी तो उतरला त्याला 'जबल तारिक' म्हणजे तारिकचा डोंगर असे नाव पडले. आज आपण त्याला जिब्राल्टर म्हणतो. त्या लढाईत रोद्रिगोचा पराभव झाला आणि गॉथांचे राज्य बुडाले. त्यांची भाषा तर त्याआधीच विरून गेली होती. राज्यकर्तेच प्रजेची लॅटिन बोलू लागले होते. राज्य गेले, भाषा गेली. उरली काय, तर नावे. राजाचे नाव म्हणून लोकांनी ती हौसेने उचलली होती. शेतकऱ्याच्या पोराचे नाव रोद्रिगो, सुताराच्या पोराचेही रोद्रिगो. गॉथांशी रक्ताचा काही संबंध नसलेले हजारो लोक गॉथांची नावे लावू लागले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे वसईला आपल्याला ती पुन्हा भेटणार आहे.

अकराव्या शतकात स्पेनमध्ये रोद्रिगो दियाझ नावाचा वीर होऊन गेला. 'एल सिड' या नावाने तो प्रसिद्ध आहे; त्याच्यावर १९६१ साली मोठा चित्रपटही निघाला. १०९९ मध्ये तो वारला. त्याच्या गाण्यांनी या नावाला आणखी मान मिळवून दिला.

मग रोद्रिगोचे रॉड्रिग्ज कसे झाले? शेवटचा 'एस' किंवा 'इझ' हा प्रत्यय म्हणजे 'अमक्याचा मुलगा'. रोद्रिगोचा मुलगा तो रॉड्रिग्ज, फर्नांदोचा तो फर्नांडिस, गोन्सालोचा तो गोन्साल्विस. सुरुवातीला हे आडनाव नव्हतेच. आपण स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतो, तशी ती रीत होती. फर्नांदो रॉड्रिग्जच्या मुलाचे आडनाव फर्नांडिस आणि त्याच्या मुलाचे पुन्हा वेगळे. पुढे केव्हातरी बापाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहू लागले आणि त्याचे आडनाव झाले.

वसईत ऐकू येणारी सगळीच आडनावे अशी जर्मनिक नाहीत. लोपीस हे लॅटिनमधल्या लांडग्यावरून आले, म्हणजे आपले लांडगे. मच्याडो म्हणजे कुऱ्हाड, म्हणजे आपले कुऱ्हाडे. परेरा हे नासपतीच्या झाडावरून, कार्व्हालो ओकच्या झाडावरून, डिसिल्वा जंगलावरून. पण फर्नांडिस, गोन्साल्विस, गोम्स आणि रॉड्रिग्ज ही गॉथांकडून आलेली. यातल्या 'गोन्सालो'त 'गुंद' म्हणजे युद्ध दडले आहे आणि 'गोम्स'मध्ये 'गुमा' म्हणजे माणूस. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रूसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाले. त्यांच्या नावातही गॉथांचा हा शब्द होता.

आता हे आडनाव आपल्या किनाऱ्यावर कसे उतरले ते पाहू. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतले. वसई ते दमण या पट्ट्यात माहीम, केळवे, तारापूर, डहाणू अशी त्यांची ठाणी उभी राहिली. या साऱ्या मुलुखाला ते 'उत्तरेचा प्रांत' म्हणत. गोव्याच्या उत्तरेला म्हणून उत्तरेचा.

सत्तेबरोबर पाद्री आले. वसईच्या बागायती पट्ट्यात आणि कोळीवाड्यांत बाप्तिस्मे झाले. बाप्तिस्म्याच्या वेळी एक धर्मपिता लागतो. तो बहुधा पोर्तुगीज असे, कधी शिपाई, कधी अंमलदार, कधी जमीनदार. बाप्तिस्मा घेणाऱ्याला त्याचे आडनाव मिळे. धर्मपिता रॉड्रिग्ज असला की तो माणूस रॉड्रिग्ज, आणि त्याची पोरेबाळेही रॉड्रिग्ज. त्यामुळेच एकच आडनाव सामवेदी बोलणाऱ्या कुपारी कुटुंबातही सापडते, वाडवळांतही सापडते आणि कोळ्यांतही सापडते. आडनाव सारखे म्हणून ही मंडळी एकमेकांची भाऊबंद ठरत नाहीत, आणि पोर्तुगिजांची तर मुळीच नाहीत. हे आडनाव रक्तातून आलेले नाही, बाप्तिस्म्याच्या पाण्यातून आलेले आहे.

आता आठवा, स्पेनमध्ये काय झाले होते. गॉथ आले, त्यांची नावे तिथल्या लोकांना चिकटली, गॉथ संपले, नावे राहिली. आपल्याकडे अगदी तसेच झाले. १७३७ मध्ये चिमाजीअप्पांची मोहीम सुरू झाली. १७३९ च्या आरंभी माहीम, केळवे, तारापूर, डहाणू ही ठाणी एकेक करून मराठ्यांकडे आली. तारापूरच्या वेढ्यात बाजी भीवराव पडले. मे महिन्यात वसईचा किल्ला सर झाला. पोर्तुगीज गलबतात बसून निघून गेले. तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा होती. ही रयत कुठे जाणार? तिच्या वाड्या इथे, विहिरी इथे, पानवेली आणि केळी इथे. ती राहिली. पोर्तुगीज भाषा हळूहळू विसरली गेली आणि आडनाव राहिले. दोन वेळा राज्य बुडाले, दोन वेळा भाषा गेली आणि दोन्ही वेळा हे एक नाव तरले!

तुम्ही म्हणाल, मग आमच्या डहाणू-तलासरीत हे आडनाव का रुजले नाही? पोर्तुगीज तर इथेही होते. तलासरीला लागूनच नगर हवेली; तिथे त्यांची सत्ता १९५४ पर्यंत टिकली. दमणला तर १९६१ च्या डिसेंबरापर्यंत. माझ्या मते याचे उत्तर भूगोलात आहे. त्यांची सत्ता किनाऱ्याच्या ठाण्यांना धरून होती. डहाणूच्या खाडीवर किल्ला होता, पण किल्ल्यामागे चार कोस गेले की जंगल. त्या जंगलात राहणाऱ्या वारल्यांची नावे वारल्यांचीच राहिली.

आमच्या दोन तालुक्यांतली आडनावे म्हणजे एक वेगळेच दालन आहे. गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. इंग्रजीत त्यांचे आडनाव वाचणारे 'माशे' म्हणतात. रोमन लिपीत गेल्यावर आपल्या आडनावाचे असे होते, तर रोद्रिगोचे देवनागरीत काय झाले असेल! कुठे रॉड्रिग्ज, कुठे रॉड्रिग्स, कुठे रोड्रिग्ज. एकाच घरातल्या दोघा भावांच्या दाखल्यांवर दोन तऱ्हा मी स्वतः पाहिल्या आहेत.

चिकूच्या वाड्या फुलवणाऱ्या इराण्यांचे आडनाव तर सरळ देशाचेच नाव. त्यांच्याही आधी, कित्येक शतकांपूर्वी, पारशी शेजारच्या संजाणला उतरले. संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षे बहारोटच्या गुहेत जपला, असे त्यांची परंपरा सांगते. ती गुहा आपल्याच डहाणू तालुक्यात आहे. गोदावरी परुळेकरांचे आडनाव सिंधुदुर्गातल्या परुळे गावाचे, आणि तेही सासरचे. माहेरच्या त्या गोखले. १९४५ मध्ये वारल्यांच्या लढ्यात त्या तलासरीच्या जंगलात फिरल्या. वारल्यांनी त्यांचे आडनाव विचारले नाही. त्यांनी त्यांना स्वतःचे एक नाव दिले, गोदाराणी.

आणखी एक उलट गोष्ट पाहा. विसाव्या शतकात तलासरीच्या बाजूला मिशनच्या शाळा आल्या. त्यांच्याबरोबर युरोपातली नावेही आली. पण आता धर्मपित्याचे आडनाव देण्याची रीत उरली नव्हती आणि सरकारदप्तरी आडनावे नोंदलेली होती. म्हणून इथे पहिले नाव परके आणि आडनाव घरचे, अशी जोडी दिसते. २०१४ ते २०१९ या काळात डहाणूचे आमदार होते पास्कल धनारे. 'पास्कल' हा शब्द ईस्टरच्या सणावरून युरोपात रूढ झालेला. धनारे मात्र इथल्या मातीतले. वसईत याच्या उलट, आडनाव परके. आणि दोन्ही गावे एकाच पालघर जिल्ह्यातली!

या आडनावाचा पसारा आज केवढा आहे? स्पेनमध्ये ते 'रोद्रिगेझ' असे उच्चारतात. तिथे गार्सिया हे पहिल्या क्रमांकाचे आडनाव. त्यामागोमाग रोद्रिगेझ, गोन्झालेझ आणि फर्नांदेझ ही तिन्ही जर्मनिक मुळाची. एकट्या स्पेनमध्ये नऊ लाखांहून अधिक लोक रोद्रिगेझ आहेत. पोर्तुगाल, ब्राझील, मेक्सिको, क्युबा, फिलिपिन्स, जिथे जिथे ही दोन राज्ये गेली तिथे तिथे ते गेले. मॉरिशसजवळच्या एका बेटाचे नावच रॉड्रिग्ज; दियोगो रॉड्रिग्ज या पोर्तुगीज खलाशावरून १५२८ मध्ये पडलेले. आपल्याकडे वसई, मुंबई, गोवा, मंगळूर अशा साऱ्या किनाऱ्यावर ते आहे.

२०२५ च्या ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा केल्या आणि भारत अंतिम फेरीत गेला. त्या रात्री आमच्या गल्लीत फटाके वाजले. फटाके वाजवणाऱ्या पोरांपैकी एकानेही विचारले नाही की हे आडनाव कुठले.

सगळा माग हाती लागला तेव्हा सर निवृत्त व्हायच्या बेतात होते. निरोपसमारंभात मी भाषणाला उभा राहिलो. गॉथांपासून सुरुवात केली, वसईला पोहोचलो आणि शेवटी म्हणालो, "तेव्हा मंडळी, रॉड्रिग्ज म्हणजे कीर्तिराज. आमच्या सरांचं आडनाव संस्कृतचा सख्खा चुलतभाऊ आहे. त्यांना बाहेरचा कोण म्हणतो?" टाळ्या कडाडल्या. मला वाटले, शटलमधल्या त्या प्रश्नाला मी चोख उत्तर दिले.

समारंभ संपला. आम्ही दोघे स्टेशनकडे चालत निघालो. सर म्हणाले, "अर्थ फार सुंदर काढलात हो. घरी सगळ्यांना सांगेन. पण एक विचारू?"

"विचारा ना."

"समजा, या आडनावाचा अर्थ वाईट निघाला असता. समजा, त्याचं संस्कृतशी काही नातं लागलं नसतं. मग मी बाहेरचा ठरलो असतो का?"

श्रोतेहो, चाळीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाकडे त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. किंवा खरे तर उत्तर होते, पण ते माझ्या भाषणात आले नव्हते. मी त्यांच्या आडनावाला इथले ठरवण्यासाठी दीड हजार वर्षे मागे गेलो होतो. सर मात्र इथलेच होते, मी तो शोध घ्यायला निघालो नसतो तरी. त्यांचे आजोबा इथल्या विहिरीचे पाणी प्याले होते. आणि वर्गातल्या त्या मुलाला त्यांनी पहिल्याच दिवशी उत्तर दिले होते: आईने शिकवले, तुझ्या आईने तुला शिकवले तसेच.

आडनावांचा इतिहास जरूर शोधावा. त्यात मोठा आनंद आहे आणि जग किती मिसळलेले आहे ते कळते. तुमच्याही आडनावात एखादा गॉथ, एखादा खलाशी, एखादे ओस पडलेले गाव लपलेले असेल. पण तो शोध कुणाला जागा द्यायची आणि कुणाला उठवायचे हे ठरवण्यासाठी नसावा.

शटल आली. सर चढले. खिडकीशी जागा रिकामी होती. आत बसलेल्या एका बाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "बसा मास्तर."